नऊ नंबरची जर्सी आणि दोन कप चहा

मागच्या महिन्यात माझी नात खोलीतून रडत बाहेर आली. वय वर्षं अकरा, इथे सिडनीच्या स्कोफिल्ड्समध्येच मुलींच्या टीमकडून सॉकर खेळते. काय झालं म्हणून विचारलं तर तिने फोनच पुढे केला. कोचने शनिवारच्या मॅचची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती आणि त्यात हिचं नाव नव्हतं. खाली सगळ्या आयांनी कोचला अंगठे पाठवलेले.

"ही कुड हॅव जस्ट टोल्ड मी, आजी," ती म्हणाली.

तिचं नाक पुसता पुसता मला गॅफरची आठवण झाली. गॅफरच्या टीममध्ये असती तर तिला आधी चहा मिळाला असता.

"हू इज गॅफर?"

तिला सांगितलं ते आता तुम्हालाही सांगते. आपल्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंचा गेली तीन वर्षं आग्रह आहे की काकू, तुमच्या नोकरीबद्दल दिवाळी अंकात लिहा. मी म्हणायचे, अगं, मी नोकरी म्हणून सोळा वर्षं लोकांचे मोजे धुतले, त्यावर काय लिहू? मी शिकले मॅट्रिकपर्यंत, तेही गणितात गचकले. इंग्रजी शिकले ती ड्रेसिंग रूमच्या दाराआड उभी राहून, त्यामुळे त्यातले अर्धे शब्द चारचौघांत बोलता येत नाहीत. पण असो. बोलते तसं लिहिते, चालवून घ्या.

आमचे हे भोसरीच्या कारखान्यात टूलरूमला होते. तिथून इंजिनियरच्या व्हिसावर सिडनीला आले, मागोमाग मी. घरात बसून कंटाळा यायला लागला म्हणून रविवारी जवळच्या फुटबॉल क्लबाच्या कँटीनमध्ये चिप्स तळायला जायला लागले. इथे त्याला सॉकर म्हणतात, पण आमच्या क्लबात कोणी तसं म्हटलं तर गॅफर रागावायचा. क्लब मोठा नव्हता. खेळाडू आठवडाभर कुठे कुठे नोकरी करायचे, संध्याकाळी सरावाला यायचे आणि रविवारी खेळायचे. एके दिवशी कपडे धुणाऱ्या म्हाताऱ्याची कंबर धरली, आणि कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, तुम्ही धुवाल का? धुण्याला मी कधी भ्यायले नव्हते.

बाहेरच्याला वाटतं, मशीन आहे, टाकायचं आणि बटण दाबायचं. तसं नसतं हो. चिखल ओला असताना पाण्यात घातला की तो कापडात जाऊन बसतो. आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा. रक्ताला गार पाणी, गरम पाणी लागलं की ते कायमचं. गवताच्या डागाला व्हिनेगर. पाठीवरचे नंबर चिकटवलेले असतात, म्हणून जर्सी उलटी करून धुवायची आणि ड्रायरमध्ये कधीही टाकायची नाही, नाहीतर आठाचा तीन होतो. हे सगळं मला कोणी शिकवलं नाही, चुका करून करून शिकले.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच महिन्यात केली. माझा आमटीचा डबा पांढऱ्या जर्स्यांच्या बॅगेत सांडला. घाबरून साबण लावला, तर पिवळ्याचं चक्क लाल झालं! हळदीला साबण लागला की ती तांबडी होते, हे त्या घाईत डोक्यातूनच गेलं. दारात गॅफर उभा. जर्सी हातात घेऊन त्याने वास घेतला आणि म्हणाला, "सू, माझ्या कुठल्या खेळाडूच्या अंगात हे असलं रक्त आहे? त्याला मी दर रविवारी खेळवतो."

माझं नाव सुशीला, तो सू म्हणायचा. पुढचे दोन दिवस त्या जर्स्या उन्हात टाकल्या. हळदीचा डाग उन्हाला घाबरतो, हे तरी भोसरीत शिकलेलं उपयोगी पडलं.

तर हा गॅफर. खरं नाव लेन. सगळे त्याला गॅफर म्हणायचे, म्हणून पहिले काही दिवस मी त्याला मिस्टर गॅफर म्हणत होते. मग कळलं, इंग्लंडात टीमच्या मॅनेजरला तसंच म्हणतात. तो इंग्लंडच्या उत्तरेकडचा. गाव कापडगिरण्यांचं, गिरण्या बंद पडलेल्या. साठीला टेकलेला, एका गुडघ्यात न वाकणारा, आणि बोलताना शब्द तोंडातच अर्धे खाणारा. पुढे त्याची वाक्यं मी माझ्या मराठीत देते. माझ्या कानाला ती तशीच ऐकू यायची.

मला खरं कुतूहल होतं ते याचं, की हा माणूस करतो काय? पळत नाही, चेंडूला पाय लावत नाही, रेषेच्या बाहेर कोट घालून उभा राहतो आणि ओरडतो. त्यातलं निम्मं वारा घेऊन जातो. मग हा हवाच कशाला? मी मोज्यांच्या जोड्या लावत असायचे आणि तो माझ्या खोलीत येऊन बसायचा, कारण अख्ख्या क्लबात ड्रायरमुळे तेवढीच खोली उबदार. मी एक एक विचारत राहायचे.

"तू खेळायचास तेव्हा काय करायचास?"

"समोरच्याला खाली पाडायचो."

"आणि?"

"आणि पंचाला सांगायचो, मी नाही पाडलं."

एकतिसाव्या वर्षी गुडघा गेला. मग काही दिवस दारूचा गुत्ता चालवला, मग एका क्लबात मदतनीस, मग मॅनेजर. इंग्लंडात चार क्लब झाले आणि चारही ठिकाणांहून काढून टाकलं. ती गोष्ट तो इतक्या मजेत सांगायचा की मी ती तीनतीनदा सांगायला लावायचे. एका क्लबाने फोनवर काढलं. दुसऱ्याची बातमी त्याला गाडीतल्या रेडिओवर कळली, सिग्नलला थांबलेला असताना. तिसऱ्या ठिकाणी सकाळी गेला तर त्याच्या जागेवर दुसऱ्याची गाडी उभी. चौथ्या क्लबाने पत्र पाठवलं, तेही चुकीच्या पत्त्यावर, त्यामुळे हा आणखी चार दिवस कामावर जात राहिला.

"आणि कोणी काही बोललं नाही तुला?"

"गुड मॉर्निंग म्हणत होते की."

मी हसले, तोही हसला. मग जरा वेळाने त्याने दुसरी गोष्ट सांगितली, ती मात्र एकदाच. एकोणीस वर्षांचा असताना पहिल्या मोठ्या मॅचसाठी तो ड्रेसिंग रूममध्ये गेला. वडील तीन बस बदलून बघायला आले होते. आत गेला तर याच्या खुंटीवर जर्सीच नव्हती. कोणी काही बोललं नाही. तो बाहेर जाऊन वडिलांशेजारी बसला आणि दोघांनी नव्वद मिनिटं एक शब्द न बोलता मॅच बघितली.

म्हणून आमच्या क्लबात त्याने एक पद्धत घातली होती. प्रत्येक खेळाडूची खुंटी ठरलेली, वर नावाची पट्टी. मॅचच्या दिवशी दुपारी गॅफर मला हाताने लिहिलेली यादी द्यायचा आणि त्याप्रमाणे मी जर्स्या टांगायचे. जो अकरात आहे त्याची जर्सी खुंटीवर, बदली खेळाडूची खाली बाकावर घडी करून. आणि ज्याला वगळलंय त्याला ती रिकामी खुंटी दिसायच्या आत गॅफर माझ्या खोलीत बोलवायचा. दोन मग चहा, स्वतः केलेला, सोबत आल्याचं बिस्किट. डोळ्यात बघून सांगायचा की आज तू नाहीस, आणि का नाहीस. कोणी चिडायचं, कोणी रडायचं, एकाने चहाचा मग भिंतीवर फेकला होता. गॅफर बसून राहायचा. क्लबात "चहाला ये" म्हटलं की धिप्पाड माणसांचे चेहरे उतरायचे. तेव्हा मला जरा जरा कळायला लागलं, हा माणूस करतो काय ते.

आता संग्रामकडे येते. ती वर्षं विद्यार्थ्यांच्या लाटेची. विमानं भरभरून मुलं येत होती. कोणी अकाउंटिंग, कोणी कुकरी, कोणी हेअरड्रेसिंग. जन्मात कधी कांदा न चिरलेली मुलं शेफचं शिकत होती. एका युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, आठ आठ जण, गाद्या पाळीने. दिवसा युनिव्हर्सिटी, बाकी वेळ शिफ्ट. त्यातला एक आमच्या क्लबात येऊन उभा राहिला, पायात फाटके बूट. तेवीस वर्षांचा, कोल्हापूरचा.

कोल्हापूरचा म्हटल्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल. तिथे पेठेपेठेत फुटबॉल, प्रत्येक तालमीचा आपला संघ, आणि हरल्यावर गल्लीत जेवण नाही. संग्रामचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, तालमीचे जुने गोलकीपर. पोरगा संघ सोडून परदेशी गेला म्हणून वर्षभर त्याच्याशी धड बोलले नव्हते.

गॅफरने त्याला वीस मिनिटं खेळताना बघितलं आणि माझ्या खोलीत येऊन विचारलं, "सू, तुझ्या देशात असे आणखी आहेत?"

"माझ्या देशाचं माहीत नाही, कोल्हापुरात पुष्कळ आहेत," मी म्हटलं.

नऊ नंबरची जर्सी त्याची झाली. मी त्याला डबा आणायचे. "काकू, गॅफरला ठेचा देऊ का?" असले उद्योग करायचा. दिलाही एकदा. गॅफर पूर्ण हाफटाइम पाणी पीत होता.

पण त्या वर्षी टीमचं काही जमेना. सीझनच्या शेवटी तळातल्या दोन टीम खालच्या लीगमध्ये ढकलतात, आणि शेवटच्या रविवारी आम्ही अगदी काठावर. मॅच बरोबरीत सुटली तरी वाचलो असतो. हरलो तर खाली. कमिटीने गॅफरला स्पष्ट सांगितलं होतं, खाली गेलो तर तूही गेलास. साठीतल्या माणसाला पाचव्यांदा काढल्यावर सहावं कोण घेणार? हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

नेमके त्याच आठवड्यात आबा आले, संग्रामच्या पदवीदानाला. त्यांना सिडनी दाखवायला पुढचे दिवस मोकळे मिळावेत म्हणून संग्रामने शिफ्टांची अदलाबदल केली आणि वेस्टमीडच्या हॉस्पिटलातल्या साफसफाईच्या पाळ्या लागोपाठ घेतल्या. गुरुवारी सरावाला बुटाची नाडी बांधता बांधता बाकावर झोपला. गॅफरने बघितलं.

रविवारी दुपारी त्याने मला यादी दिली. नऊ नंबरपुढे मिक, एरवी बदली म्हणून बाकावर बसणारा. संग्राम बदली खेळाडूंतही नव्हता.

"अरे, त्याचे वडील येतायत आज," मी म्हटलं.

"माहितीये. पोरगा तीन दिवस झोपलेला नाही. चाळीस मिनिटं पळेल, मग त्याचे पाय हॉस्पिटलात परत जातील. तो आला की सरळ तुझ्या खोलीत पाठव. मी किटली ठेवतो."

मी जर्स्या घेऊन ड्रेसिंग रूममध्ये गेले. एक, दोन, तीन करत आठपर्यंत टांगल्या. नऊ नंबर हातात घेतला आणि डोळ्यासमोर तो तीन बस बदललेला म्हातारा यायला लागला. मला वाटलं, ज्या माणसाने स्वतः हे सोसलं तो दुसऱ्या बापाला हे कसं दाखवतो? वाटलं, जर्सी दिसली तर त्याचं मन बदलेल. काय काय वाटलं. खरं सांगायचं तर माझ्या हातचं जेवलेलं पोर होतं ते, आणि मिक नव्हता. मी नऊ नंबर संग्रामच्या खुंटीवर टांगला आणि मिकची चौदा नंबरची घडी करून बाकावर ठेवली. मग संग्रामला माझ्या खोलीत पाठवायला म्हणून दाराशी उभं राहायचं होतं, तर मी मोजे मोजत बसले. मोजे मी सकाळीच मोजले होते.

दीडच्या सुमाराला आवाज आला. "आबा, हितं या. ही बघा माझी खुंटी."

आबा आत आले. डोक्याला मफलर, पायात मोज्यांवर कोल्हापुरी चपला. त्यांनी जर्सीच्या बाहीला हात लावला, कापड चिमटीत धरून बघितलं. "कोण धुतंय हे? लई झ्याक धुतंय," म्हणाले.

"ह्या काकू."

"नमस्कार ताई. आमचं पोरगं नीट खेळतंय न्हवं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दारात गॅफर. दोन्ही हातांत चहाचे मग. बिस्किट एका मगावर आडवं ठेवलेलं, नेहमीसारखं.

त्याने खुंटीकडे बघितलं. मग आबांकडे. मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ. यादी त्याच्या अक्षरातली होती आणि माझ्या एप्रनच्या खिशात होती. एक हात पुढे करून त्याने ती जर्सी काढली असती तर कोणी त्याला अडवलं नसतं. मॅनेजर होता तो.

तो पुढे आला, बिस्किटवाला मग आबांपुढे धरला आणि म्हणाला, "कप ऑफ टी, सर?"

आबांना काय माहीत त्या चहाचं! त्यांनी बिस्किट बुडवून खाल्लं आणि मला म्हणाले, "मानूस भला दिसतोय हो."

संग्राम चाळीस मिनिटं काय खेळला म्हणून सांगू. आबा काठावर उभे राहून कोल्हापुरीत अशी आरोळी ठोकत होते की समोरच्या टीमचा गोलकीपर वळून बघायचा. मग हळूहळू पाय जड झाले. गॅफरने त्याला बाहेर काढायला बदलीचा बोर्ड मागवला, मिक उठून उभा राहिला, आणि त्याच मिनिटाला मैदानाच्या मधोमध संग्रामच्या पायातून चेंडू गेला. त्याला मागे पळताच येईना. हात कमरेवर ठेवून तो बघत राहिला आणि समोरच्यांनी गोल केला. शून्य-एक, आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. आम्ही खाली गेलो.

आबा मात्र खूश. "हरलं तर हरलं, पन नऊ नंबर घालून खेळलं पोरगं," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. कोणाला मराठी येत नव्हतं, पण सगळे मान हलवत होते.

मंगळवारी कमिटी बसली. कोणीतरी विचारलं म्हणे, दमलेल्या पोराला का खेळवलंस? गॅफर म्हणाला, माझा निर्णय होता. बुधवारी क्लबाच्या सेक्रेटरीने माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं. "लेनच्या कप्प्यात टाकून द्या. तो दुपारी येईल, त्याला मिळेल."

मी पाकीट घेऊन उभी राहिले. सिग्नलवरचा रेडिओ, जागेवरची दुसऱ्याची गाडी, सगळं आठवलं. आणि आता हे पाकीट टाकणारा हात माझा.

मी किटली ठेवली.

गॅफर आला तेव्हा ड्रायर चालू होता. खोलीत दोन मग, वर आल्याचं बिस्किट. तो दारातच थांबला. इतकी वर्षं तो टेबलाच्या या बाजूला बसला होता. त्या दिवशी न सांगता त्या बाजूला जाऊन बसला.

"सांग," म्हणाला.

मी सांगितलं. डोळ्यात बघून. तुला काढलंय, हे पाकीट. आणि का, तेही सांगितलं, कारण पद्धत तशी होती. "जर्सी मी टांगली, लेन. यादी मी वाचली होती. त्याला तुझ्याकडे पाठवायचं होतं, तेही मुद्दाम पाठवलं नाही."

"माहितीये. अक्षर माझंच होतं."

"मग काढली का नाहीस?"

त्याने बिस्किट बुडवलं. "त्याचा बाप कापड बघत होता गं," म्हणाला.

मी रडायला लागले. तो तसाच बसून राहिला, जसा बाकीच्यांसमोर बसायचा. चहा संपवला, रिकामा मग विसळून पालथा ठेवला आणि म्हणाला, "पाच क्लब झाले, सू. चहा पहिल्यांदाच मिळाला."

पुढे तो पार उत्तरेला, डार्विनला गेला. मुलगी तिथे नर्स होती. शाळेच्या पोरांना शिकवायला लागला, त्या भयंकर उकाड्यात आणि पावसात. अजून आहे, पंच्याहत्तरी पार केलीय, दोन्ही गुडघे बदललेत. ख्रिसमसला कार्ड येतं. मीही त्या क्लबात आणखी दहा वर्षं धुतलं. नवीन मॅनेजर यादी भिंतीवर चिकटवायचा.

आणि संग्राम? इथे कायमचं राहायचा पीआर मिळाला, लग्न झालं, पोट सुटलं. आमच्याच इस्टेटमध्ये दोन गल्ल्या सोडून राहतो, दर दिवाळीला हा अंक घेतो आणि पहिल्या पानापासून वाचतो. त्या रविवारी तो टीममध्ये नव्हताच, हे त्याला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. हा लेख लिहून झाला, संपादकबाईंना पाठवायला बोटही उचललं, आणि थांबले. म्हटलं, सुशीले, तू पण यादी ग्रुपवर टाकायला निघालीस की!

म्हणून गेल्या रविवारी त्याला फोन केला. "संग्राम, चहाला ये."

तो हसला. "काकू, हे वाक्य ऐकलं की अजून रिकामी खुंटी दिसते बघा."

आला. टेबलावर दोन मग आणि आल्याचं बिस्किट बघून त्याचं हसू थांबलं. मी सांगितलं, सगळं, या कागदावर आहे तसं. चहाचा मग फेकलाच तर म्हणून मी आधीच जुना काढला होता. त्याने फेकला नाही. बराच वेळ बिस्किट चहात धरून बसला, ते मोडून तळाला गेलं तरी कळलं नाही त्याला.

"आबा शेवटपर्यंत सांगायचे," तो म्हणाला. "त्या गोऱ्या साहेबानं मला स्वतःच्या हातानं चहा दिला म्हणून. मला वाटायचं, चहाचं एवढं काय."

मी त्याच्यापुढे बशी सरकवली.

त्याने चमच्याने बिस्किट बाहेर काढलं, बशीत ठेवलं, खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "काकू, डार्विनचा नंबर द्या."